विसाव्या दिवसाचा आकडा

संख्याशास्त्राच्या सरांनी दिलेला प्रकल्प डोळे मिटून करावा असा होता. रोज घडणारी एखादी गोष्ट निवडायची, वीस दिवस मोजायची आणि वहीत आकडे मांडायचे. मी निवडलं ते असं : वसतिगृहाच्या मेसमध्ये सकाळी साडेआठला नाश्त्याला किती जणी असतात. आम्ही मला धरून एकूण चौदा. मेस आमच्या खोलीच्या बरोबर खाली. याहून सोपं काम शोधूनही सापडलं नसतं.

अडचण एकच. साडेआठला मी जागी नसायची. घरी आई तोंडावर पाणी मारून उठवायची. इथे आई नव्हती आणि या स्वातंत्र्याचा मी पुरेपूर फायदा घेत होते. म्हणून पहिल्याच दुपारी वीसच्या वीस दिवसांचे आकडे पेनने, एका बैठकीत ठोकून दिले. सर म्हणाले होते, ‘‘बनवलेले आकडे फार गुळगुळीत असतात. मला लगेच कळतात.’’ मग मी मधूनमधून खडे पेरले. तिसऱ्या दिवशी अकरा, सातव्या दिवशी बारा, नवव्या दिवशी चक्क पंधरा. असेल कुणाची तरी पाहुणी. शेवटचा आकडा लिहिताना आईचा फोन आला आणि मी वही मिटली.

माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला सगळ्या खारूताई म्हणायच्या, कारण तिचं तोंड सतत चालू. बिस्किट ती नेहमी मधोमध मोडायची आणि अर्धं मला द्यायची. इथे आल्यावर पहिले आठ दिवस मी उशीत तोंड खुपसून रडत होते, हे फक्त तिला ठाऊक होतं, आणि तिने ते कुणालाही सांगितलं नाही. माझी वही बघून ती म्हणाली, ‘‘पकडली गेलीस तर मी तुला ओळखत नाही हं.’’

तिसऱ्या दिवशी नळाच्या आवाजाने जाग आली म्हणून खाली गेले आणि सहज मोजलं. अकरा. तिघी लवकरच्या तासाला गेल्या होत्या. मला हसूच आलं. चौथ्या दिवशी मुद्दाम उठले. तेरा, वहीतही तेरा. सातव्या दिवशी बारा निघाल्या, तेव्हा मी दारात उभी राहून पावणेनऊपर्यंत वाट पाहिली. कुणी तरी तेरावी यावी आणि माझा आकडा चुकावा, असं मनापासून वाटत होतं. कुणीही आलं नाही.

नवव्या दिवशी पंधरा भरल्या.

खिडकीजवळ एक मुलगी पाठमोरी बसली होती. अंगात राखाडी स्वेटर, कोपरावर लाल दोऱ्याचं रफू. तो स्वेटर खारूताईचा होता. रफू करताना सुईत दोरा मीच ओवून दिला होता. पण खारूताई तर माझ्या शेजारी बसून टोस्ट कुरतडत होती.

‘‘मावशी, ती कोण हो?’’ चहा ओतणाऱ्या मावशींना मी विचारलं.

‘‘कोण म्हणजे? तुमच्यातलीच की.’’ त्यांनी तिकडे बघितलंही नाही. ‘‘पण आज कप मात्र पंधरा गेले बघ. माझंच काहीतरी चुकलं असेल.’’

मी वळले तेव्हा ती खुर्ची रिकामी होती. कपातल्या चहाला कुणी तोंडही लावलं नव्हतं, वर साय धरली होती.

खोलीत आल्यावर खारूताईने कपाट उपसायला घेतलं. ‘‘माझा राखाडी स्वेटर पाहिलास का गं?’’

मग मात्र दार लावून मी तिला सगळं सांगितलं. ती हसली नाही. ती हसली असती तर मला बरं वाटलं असतं. आम्ही वही उघडली आणि उरलेल्या आकड्यांवरून बोट फिरवलं. चौदा, तेरा, चौदा, चौदा. विसाव्या दिवसासमोर नुसता १ होता. आईचा फोन आला आणि पुढचा चार लिहायचा राहूनच गेला होता.

‘‘एक,’’ ती म्हणाली. ‘‘मग बाकीच्या तेराजणी?’’

पान फाडून टाकावं, तर त्या दिवशी एक तरी उरेल का, हे कोण सांगणार? शेवटी तिनेच माझ्या हातातून पेन ओढून घेतलं आणि एकच्या पुढे चार काढला. तिचा तो नेहमीचा, मोठ्या वेटोळ्याचा चार.

‘‘घे. आल्या सगळ्या परत,’’ ती म्हणाली आणि अर्धं बिस्किट माझ्या हातात ठेवलं.

पुढचे सगळे दिवस आकडे जुळत गेले. मी वर्गात बसायची, पण कानावर काही पडायचं नाही. खारूताईचा बिस्किटांचा पुडा उघडाच राहिला आणि सादळला. तिला काही झालं तर ते माझ्या आळसामुळे होईल, एवढा एकच विचार मी उठताबसता करत होते.

विसाव्या सकाळी हात सोडायचा नाही, असं आमचं ठरलं होतं. निम्म्या जिन्यात माझ्या लक्षात आलं, वही वरच राहिली.

‘‘जा, घेऊन ये,’’ ती म्हणाली. ‘‘मी जागा धरते.’’

मी हात सोडला.

खाली आले तर मेसमध्ये नेहमीचा कलकलाट. माझा जीव भांड्यात पडला. दारातूनच मोजलं. मला धरून चौदा.

मग पुन्हा मोजलं, एकेक चेहरा बघत. चौदाच.

त्यांत खारूताई नव्हती.

आमच्या टेबलाशी राखाडी स्वेटर घातलेली ती मुलगी बसली होती. शेजारच्या खुर्चीवर हात ठेवून तिने माझी जागा धरली होती.

‘‘खारूताई, साखर सरकव ना,’’ समोरची म्हणाली. लाल रफूचा हात पुढे झाला आणि डबा सरकला.

वही टेबलावर ठेवून मी त्या खुर्चीवर बसले. तिच्या चेहऱ्यात वावगं असं काहीच नव्हतं. नीटनेटका, हसरा चेहरा. फक्त तो मी आधी कधी पाहिला नव्हता.

तिने बिस्किट मधोमध मोडलं. अर्धं माझ्या वहीवर ठेवलं आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने माझ्याकडे झुकली.

‘‘मला मोजलंस ना?’’