चेंडू पडला तर गाणं

गाओशेंगने फेकलेला चेंडू थेट लेंगच्या हातातल्या पपईच्या कोशिंबिरीत पडला आणि तिखट रस त्याच्या मखमली जाकिटावर उडाला.

"नेम चांगलाय! आधी कूळ सांग."

"माझं कूळ हेर."

"सुटलो! मी मुआ."

गाओशेंगला हसू फुटलं. कूळ एकच निघालं असतं, तर भाऊ-बहीण म्हणून तिथेच निरोप घ्यावा लागला असता. आपले डोंगर सोडून अमेरिकेत आलेल्या हमोंग लोकांच्या फ्रेझ्नोतल्या नववर्षाच्या जत्रेत ओळख इथूनच सुरू होते.

चेंडू झेलण्याच्या खेळासाठी दोघं मुलामुलींच्या समोरासमोरच्या रांगांत उभे राहिले. चेंडू इकडून तिकडे... नजरा त्याच्याआधीच पोचत होत्या.

"शिकतेस काय?"

"सिव्हिल इंजिनिअरिंग. आणि जोडीला एथ्निक स्टडीज, मायनर म्हणून. आपला इतिहास, आपली गाणी..."

"हमोंग असून हमोंग शिकायला फी भरतेस?"

तिचा चेहरा उतरला. हेच आई रोज ऐकवायची. 'पूल बांधायला शीक, गाण्यांनी कुणाचं पोट भरलंय?' सोमवारपर्यंत विषय सोडता येणार होता आणि कालच कंटाळून तिने 'सोडते' म्हणून टाकलं होतं. आई आत्ताही मागे खुर्ची टाकून लेंगला न्याहाळत बसली होती.

या विचारात चेंडू हातून निसटला.

"पडला!" लेंग ओरडला. "दागिना दे, नाहीतर गाणं म्हण!"

हल्ली गातं कोण? पोरी मुकाट्याने बांगडी काढून देतात. ती परत करायच्या निमित्ताने पुन्हा भेट होते, तेव्हा कुणाचीच तक्रार नसते. गाओशेंगचा हात बांगडीकडे गेला... आणि थांबला. वर्गात पाठ केलेलं जुनं गाणं ओठांवर आलं होतं. डोळे मिटून, लांब हेलकाव्याच्या सुरात ती गायली—

"डोंगर सुटला, नदी सुटली, सुटलं भाताचं शेत,
सांग रे परक्या पोरा, काय आणलंस सोबत?"

रांगा थबकल्या. आता मुलाने गाण्यातच उत्तर द्यायचं असतं.

"मला... येत नाही गं," लेंग पुटपुटला.

तेवढ्यात आई उठली आणि तरातरा त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"काय रे मुआ, पोरीला ताटकळत ठेवतात का? म्हण माझ्यामागून!"

आई ओळ सांगायची, लेंग तिची पार वाट लावायचा. लोक पोट धरून हसत होते, पण त्याची नजर गाओशेंगवरून हलली नाही.

"सोनं नाही, चांदी नाही, रिकामे माझे हात,
तुझ्या सुराचा माग काढत चालत आलो रात."

आईचे डोळे भरून आले. "मला हे येतं का, असं इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नाही." मग ती आजूबाजूच्या बायकांकडे वळली. "माझी मुलगी बरं का! पूल बांधणार आहे आणि हेही शिकणार आहे. गाओ, सोमवारी काही सोडायचं नाही, कळलं?"

गाओशेंगला आईचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता. आणि स्वतःचाही.

लेंग चेंडू घेऊन जवळ आला.

"तुमच्या वर्गात... जागा आहे? मी कॉम्प्युटरवाला आहे, पण—"

"चालतं. फी मात्र पडते हं, हमोंग असलास तरी."

"भरतो की. पुढच्या वेळी तुला उत्तर द्यायला तुझी आई मध्ये नको."

ती लाजली. गाणं म्हणून झालं होतं, दागिना देण्याचं काही कारण नव्हतं. तरीही तिने बांगडी काढून त्याच्या हातावर ठेवली.

"सोमवारी परत आण... वर्गात."