समोर बसणारीची ओळ

नानासो तासगावचा. घराण्यात एम. ए. झालेला पहिलाच, आणि आता पीएच. डी.च्या नादी लागलेला. सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात वही बगलेत मारून तो आटपाडीकडच्या एका मेंढक्यांच्या वस्तीवर गेला, तो एका ओवीसाठी. तिची पहिली ओळ त्याला सोळा गावांत मिळाली होती. दुसरी कुठेच नाही. पुण्याच्या प्राध्यापकांनी तर बजावलंच होतं, गाणारीचं नाव, गाव, वय यांसह ओवी पुरी आणा, नाहीतर प्रबंध पुढच्या वर्षी.

वस्तीवरची राहीबाई सत्तरीची होती, पण आवाज खणखणीत. "डागदर व्हनार म्हनं, मग माझा गुडघा बगायचा सोडून गानी कसली रं इचारतोस?" असं म्हणून ती पोटभर हसली. मग तिने पहिली ओळ म्हटली आणि थांबली.

"आणि दुसरी?"

"ती माझी न्हवं. ती समोर बसनारीची."

नानासोने कपाळाला हात लावला. जात्याला बायका दोघी बसतात, एक ओळ हिची, एक तिची, हे तो आईच्या मांडीवर असल्यापासून बघत आला होता. आणि तीन वर्षं एकेका बाईला एकटीला गाठून विचारत हिंडला होता. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

"समोर कोण बसायचं, आजी?"

"धोंडुबाई. माझी जाऊ. तिचं लेकरू दुपारीच निजायचं, म्हनून आमी भरदुपारी दळायचो. पलेगात गेली बिचारी." राहीबाईने बाजरीचं सूप पुढे ओढलं. "बस हितं. न्हाई, समोर नगं… ती जागा ऱ्हाऊ दे."

जातं फिरू लागलं. बाहेर ऊन रणरणत होतं, पाखरूही बोलत नव्हतं. छपरात तेवढी घरघर, आणि ताज्या पिठाचा ऊबदार वास. राहीबाई गायली,

"मानदेशी माझं म्हायार, तिथं पान्याचा दुकाळ…"

खुंटा पलीकडे गेला आणि जात्याला वेग आला. म्हातारीचा हात तर सैलच होता. मग हळूच, कोवळ्या गळ्याने कुणीतरी ओळ उचलली.

"लेक भेटता मायेला, डोळां पान्याचा सुकाळ…"

नानासोने समोरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, तरी पेन्सिल थांबली नाही. राहीबाई हसत होती आणि तिचे डोळे वाहत होते.

"आली गं बाई," ती कुजबुजली. "लय दिसांनी…"

भीतीच्या पोटातूनही नानासोला असा आनंद झाला की सांगायची सोय नाही. पण सवय कुठली जायला? त्याच्या तोंडून निघूनच गेलं, "नाव धोंडुबाई… वय?"

जात्यापलीकडे हसू फुटलं.

"कवाचं सांगू? तवाचं का आताचं?"

आठ दिवसांनी पुण्यात प्राध्यापकांनी ती ओवी वाचली, पुन्हा वाचली, आणि उठून नानासोची पाठ थोपटली. प्रबंध याच वर्षी जाणार होता. नानासोला तर तिथेच नाचावंसं वाटलं. मग सरांचं बोट वहीतल्या तक्त्यावर थांबलं.

"वयाचा रकाना कोरा कसा?"

"विचारलं होतं, सर…"

रकान्यात बोटभर पांढरं काही सांडलं होतं. सरांनी ते चिमटीत घेतलं, चोळलं, आणि चष्म्यावरून नानासोकडे पाहिलं.

बाजरीचं पीठ होतं. अजून कोमट होतं.