चौथी धाव

श्रीपाल चौगुल्यांचं हृदय समोरच्या टेबलावर धडधडत होतं आणि ते स्वतः त्याच्याकडे बघत खुर्चीत बसले होते.

हृदय प्रकाशाचं होतं. हात घातला तर आरपार जायचा. ठोके मात्र त्यांचेच. सांगलीत आता छातीत दुखतं म्हणून कुणी दवाखाना गाठला, की आधी त्याचं 'प्रतिहृदय' तयार व्हायचं. तपासणीच्या चित्रांवरून रक्तवाहिन्यांचा आकार घ्यायचा, मनगटावर वर्षानुवर्षं बांधलेल्या पट्टीवरून नाडीचा स्वभाव घ्यायचा आणि संगणकात दुसरं हृदय उभं करायचं, मूळ हृदयासारखंच दमणारं आणि दचकणारं. मग त्याच्यावर एकेक उपचार करून पुढची वीस वर्षं काही मिनिटांत पळवायची. अशा एका फेरीला 'धाव' म्हणत. रोग्यानं या धावा बघायच्या आणि उपचार निवडायचा.

चौगुल्यांची सगळी नोकरी पाणीपुरवठा खात्यात गेली होती. नळ, दाब, गाळ यांच्याशी जन्माची ओळख. तरी त्यांच्या डोक्यात काही शिरत नव्हतं.

"सत्तर टक्के अडथळा म्हणता, आणि वर घाई नाही म्हणता? आमच्याकडे असं झालं असतं तर मोर्चा आला असता."

डॉ. रेहाना मुजावर वयानं त्यांच्या लेकीसारख्या. त्या हसल्या. "पण काका, पाइपात गाळ असूनही शेवटच्या नळाला पाणी नीट येत असेल, तर तुम्ही रस्ता खणायला घेत होता का? आम्हीही तेच बघतो. अडथळ्याच्या अलीकडे दाब शंभर धरला, तर पलीकडे तुमचा ब्याऐंशी आहे. ऐंशीच्या खाली गेला की विचार करावा लागतो. तुम्ही काठावर आहात."

"काठावर म्हणजे पाण्यात की जमिनीवर?"

"तेच तर अवघड आहे," डॉक्टर म्हणाल्या. मग त्यांनी तीन धावा दाखवल्या. पहिलीत नुसत्या गोळ्या. दुसरीत स्टेंट, म्हणजे वाहिनी आतून उघडी धरणारी जाळीची नळी. तिसरीत बायपास, म्हणजे अडथळा वळसा घालून ओलांडणारी नवी वाट. पडद्यावर प्रत्येक धावेची एक रेघ होती, जितकं आयुष्य तितकी लांब; या तिन्ही रेघा जवळजवळ एकाच ठिकाणी संपत होत्या. स्टेंटनं दुखणं लवकर थांबलं असतं. बायपाससाठी छाती उघडून चौगुल्यांना तरी फारसं जास्त मिळणार नव्हतं.

"सगळं सारखंच, तर मग निवडायचं काय?" चौगुले कपाळ चोळत म्हणाले.

शेजारी त्यांच्या पत्नी कांचनताई बसल्या होत्या. त्यांनी बोट दाखवलं. "आणि ही हिरवी रेघ? ही तर बरीच लांब गेलीय."

डॉक्टर जरा घुटमळल्या. "ती संगणकानं आपणहून काढलीय, काकू. हृदयावर सगळ्यात मोठा ताण कशाचा आहे ते तो शोधतो, आणि तो ताण काढून एक धाव करून बघतो. जवळ कुणाची पट्टी आहे, हे पट्टीला कळतं. तुम्ही जवळ असलात की काकांची ही वाहिनी आवळते. चौथ्या धावेत... तुम्ही घरात नाही आहात. सहा वर्षं जास्त मिळतात."

"आम्ही भांडत नाही हो," कांचनताई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता.

"मला माहीत आहे. भांडण आणि काळजी यांतला फरक यंत्राला कळत नाही. त्याला फक्त आवळणं कळतं."

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी कांचनताईंना पहिली फिट आली होती. तेव्हापासून चौगुल्यांचा एक कान कायम बायकोकडे असायचा. पेपर वाचताना, अंघोळ करताना, कुणाशी बोलतानाही. आपण असं करतो हे त्यांना स्वतःलाही कधी जाणवलं नव्हतं.

"गोळ्याच घेऊ," ते घाईनं म्हणाले. "ती चौथी पुसून टाका."

त्याच आठवड्यात कांचनताईंनी बॅग भरली. निपाणीला त्यांच्या आक्काचं भरलं घर होतं. तिथं त्यांच्याकडे लक्ष द्यायला चार माणसं होती.

"यंत्राच्या नादी लागून घर सोडतेस?"

"गोळी कडू लागली तरी घेताच ना तुम्ही?" त्या म्हणाल्या. "तसंच समजा."

पहिले काही दिवस चौगुले तासातासाला फोन करत होते. मग फोन कमी झाले. झोप लागू लागली. कृष्णेचा घाट चढताना छातीत भरून यायचं, तेही थांबलं. बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याचंच वाईट वाटत होतं. शेजारी विचारत, "वहिनी कधी येणार?" आणि चौगुले विषय बदलत.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. पलीकडचा दाब एकोणनव्वद.

"हे गोळ्यांनी झालं की ती नाही म्हणून?"

"दोन्ही एकदमच बदललं ना, काका. आता वेगळं काढता येत नाही. काकूंना परत आणून बघायचं, एवढीच एक वाट आहे."

"म्हणजे माझ्यावर प्रयोग?"

"तुमच्यावर आणि त्यांच्यावरही," डॉक्टर खाली बघत म्हणाल्या.

बाहेरच्या बाकावर बसून चौगुल्यांनी निपाणीला फोन लावला.

"काय म्हणाल्या?" कांचनताईंनी विचारलं.

"काही फरक नाही म्हणाल्या. उगाच राहिलीस तिकडे. ये आता."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. पाणी प्यायल्या, आणि मग शांतपणे म्हणाल्या, "एकोणनव्वद ना? ती चौथी धाव पुसलेली नाही, आणि तिच्यात माझंही नाव आहे. निकाल मलाही येतो."

चौगुल्यांचा चेहरा उतरला. "माहीत होतं, तर मग आलीस कशाला?"

"तुम्ही ये म्हणालात."

त्यानंतर त्या घरात फार जपून वावरू लागल्या. चप्पल न वाजवता चालायच्या, भांडं अलगद ठेवायच्या, खोकला आला तर तोंडावर पदर धरायच्या. त्यांचा आवाजच होईना. आणि आवाज येत नाही म्हणून चौगुले पुन्हापुन्हा उठून स्वयंपाकघराच्या दारात जाऊ लागले. त्या तिथं उभ्याच असायच्या, धडधाकट. एकमेकांकडे बघून दोघंही हसायची. मग दोघांचीही नजर चौगुल्यांच्या मनगटावरच्या पट्टीकडे जायची.