आईचा कागद

तीस जूनला आमच्या नागारा नदीकाठच्या देवळात अर्ध्या वर्षाचा मळ उतरवतात. माणसाच्या आकाराच्या पांढऱ्या कागदावर नाव आणि वय लिहायचं, तो अंगावरून फिरवायचा, त्यावर तीनदा फुंकर घालायची. पाकिटात घालून देवळात द्यायचा आणि दारातल्या गवताच्या मोठ्या कड्यातून तीनदा जायचं. कागद पुजारी नदीत सोडतात.

माझा कागद पाठीवरून चिझुरू फिरवायची, माझी मुलगी. माझा हात तिथे पोचत नसे. सहाव्या वर्षी ती तापानं गेली. त्याला आता चार दशकं उलटली.

गेल्या वर्षी जूनमध्ये माझी पत्नी फुमिए न्यूमोनियानं इस्पितळात होती. डॉक्टर 'बघू या' एवढंच म्हणत. पाच जुलैला तिला सत्त्याहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. सत्त्याहत्तरीला आमच्याकडे जांभळं आसन देतात. ते मी आणून ठेवलं होतं, ते उपयोगी पडेल की नाही याची खात्री नसताना.

"अहो, माझा कागद इथंच आणा," ती धापा टाकत म्हणाली. "फुंकर मीच घालणार."

मी कागद खिशात घालून नेलाही. पण खोलीत चार रोगी, दोन परिचारिका. सगळ्यांसमोर तो बाहेर काढायची मला लाज वाटली. शेवटी घरी येऊन तिच्या कागदावर मीच फुंकर घातली.

देवळात पुजाऱ्यांची बायको तोमोए पाकिटं उघडत होती. पावसानं कड्याच्या गवताला ओला, हिरवा वास येत होता.

"काय मास्तर, आधी डावीकडून वळायचं बरं का! दरवर्षी चुकता." मग ती थांबली. "तुमच्या पाकिटात तीन आहेत हो."

"दोन. माझा आणि फुमिएचा."

"मग हा? नातीचा उद्योग दिसतोय."

पेन्सिलीनं, मोठाल्या अक्षरांत लिहिलं होतं : आई, ७७.

आम्हाला नातवंडं नाहीत.

कागद छातीपाशी ओलसर होता. कोमट.

"चालेल हा?" मी विचारलं.

"न चालायला काय झालं? आई कुणाची ते देवाला कळतं."

नदीवर पुजाऱ्यांनी टोपली उलटी केली. फुमिएच्या नावाचा, मी फुंकलेला कागद काठाच्या दगडाला येऊन चिकटला. पेन्सिलीचा मात्र सरळ वाहत गेला.

त्याच संध्याकाळी तिचा ताप उतरला.

पाच जुलैला मी आसन इस्पितळातच नेलं. ती त्यावर ताठ बसली.

"छोटीला पाठवलंत ते बरं केलंत," ती म्हणाली. "बाबांना लाज वाटते म्हणाली. मी फुंकर घातली हो, तीनदा."

मी आसनाची कड सरळ केली.

"माझं वय मी सत्त्याहत्तरच सांगितलं, पाच दिवस राहिले होते तरी. तुमचंही विचारत होती. म्हटलं, बाबांनाच विचार."

काल दुपारी देवळाकडून या वर्षीच्या कागदांचं पाकीट आलं. फुमिए बाजारात गेली होती. मी माझं नाव लिहिलं आणि वयापाशी अडलो. जन्मताच एक वर्ष धरणाऱ्या जुन्या मोजणीनं एक्क्याऐंशी, नव्यानं ऐंशी. कुठलं बरोबर?

पाठीमागे पेन्सिलीला टोक काढल्याचा आवाज आला.

मान वळवायचं धैर्य झालं नाही.

"ऐंशी," मी मोठ्यानं म्हणालो.

आवाज थांबला.

मग दोन खांद्यांच्या मधून, माझा हात पोचत नाही तिथून, एक कागद सावकाश खाली फिरत गेला.

माझा कागद समोर टेबलावरच होता.