एक-दोन नसलेलं गाणं

हेडफोन कानावर चढवला की ती बाई रोज सकाळी एकच शब्द विचारायची. "तयार?"

लाविनियाने "तयार" म्हटल्याशिवाय ती पुढे सरकायची नाही. म्हटलं की सुरू. अमुक रांग, अमुक फळी, इतके खोके. खोके उचलून ट्रॉलीत टाकायचे, आकडे तोंडाने परत म्हणून दाखवायचे, मग पुढची रांग. ऑकलंडच्या विमानतळामागच्या त्या किराण्याच्या गोदामात सगळ्यांच्याच कानात ती बाई बसलेली होती. बाई कसली, यंत्रच ते. पण लोपेतीने तिचं नाव सासूबाई ठेवलं आणि ते चिकटलं.

"काय गं, आज काय म्हणतायत सासूबाई?" ट्रॉली ढकलता ढकलता लोपेती विचारायचा. चाळिशीचा माणूस, चार पोरांचा बाप, पण जीभ कॉलेजातली.

"हळू चालतेस म्हणतायत, दादा."

"मग ठीक आहे. माझी खरी सासूही माझ्याबद्दल तेच म्हणते."

लाविनिया हसायची, पण ते हसू काही छातीपर्यंत पोहोचायचं नाही. जेवणघरातल्या पडद्यावर प्रत्येकाचं नाव आणि वेग झळकायचा, आणि तिचं नाव कायम तळाशी. फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत छातीत धडधड होऊन ती अर्ध्यातून उठून आली होती. मार्चमध्ये पुन्हा बसायचं होतं. तिकडे नाताळातच येणारी भर उन्हाळ्याची सुट्टी, बरोबरीच्या पोरी समुद्रावर, आणि ही इथे खोके उचलत. निदान मार्चपर्यंत जिवाला जरा शांतता मिळावी, एवढंच तिचं मागणं होतं. मिळत होतं ते उलटंच. दुपारच्या सुट्टीत ती संडासात जाऊन बसायची आणि हातांची थरथर थांबायची वाट बघायची.

हे सेला आत्याच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. लाविनियाचे आईबाप टोंगातल्या वावाऊ बेटावर, आणि ती शाळेपासून इथे ऑकलंडच्या मांगेरे भागात आत्याकडे.

"दार उघड. रडायचं असेल तर जेवून रड," आत्या एका संध्याकाळी बाहेरून म्हणाली.

"आत्या, मला जमत नाहीये."

"कोणाला जमतंय? चल, ऊठ. आज माझ्याबरोबर चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला यायचं."

"मला गाता येत नाही."

"अगं बाई! टोंगन पोरगी आणि गाता येत नाही? लोकांना सांगू नकोस, मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

आता आत्याला नाही म्हणायची सोयच नव्हती. टोंगन घरात बापाची बहीण बापाच्याही वरची. भाचीच्या ताटातलं मागितलं तर द्यायचं, अंगावरचं मागितलं तर द्यायचं, आणि का म्हणून विचारायचं नाही. एकदा तिने घेतलं की ते तिचं. सेला आत्याने हा हक्क आजवर लाविनियाच्या नव्या चपला, दोन छत्र्या आणि एक चांगला टॉवेल लाटायला वापरला होता. वर हसायचीही, "कुरकुर कर की! कर, बघू तरी!"

चर्चच्या सभागृहात बाकं लावली होती. नव्या वर्षाचा प्रार्थना-सप्ताह जवळ आला होता, त्याची तयारी. फळ्यापाशी गाणी बसवणारा म्हातारा फेलेती उभा होता, हातात छडी. पुरुष मागे, बायका पुढे. खालच्या पट्टीत गाणाऱ्या बायकांच्या बाकावर आत्याच्या शेजारी एक जागा रिकामी होती. लाविनिया तिकडे गेली तशा दोघीतिघी एकमेकींकडे बघू लागल्या.

"रिकामी आहे ना? मग बसू दे पोरीला," आत्या म्हणाली. फेलेतीने क्षणभर पाहिलं आणि फळ्याकडे वळला.

फळ्यावर नुसते आकडे होते. आपण सा-रे-ग म्हणतो तसे हे लोक आकडे गातात. तीन म्हणजे सा, चार म्हणजे रे, असं करत नऊपर्यंत. एक आणि दोन त्या फळ्यावर कधीच येत नाहीत. लाविनियाने लहानपणापासून हे पाहिलं होतं आणि म्हाताऱ्यांचा उद्योग म्हणून कानात स्वतःची गाणी खुपसून बसली होती. फेलेतीची छडी आपटली. मागून पुरुषांचा आवाज जमिनीतून आल्यासारखा उठला, वरून बायकांचा आला, आणि मधल्या फटीत आत्याने तिला कोपराने ढकललं. "सात! गा, सात!"

तिने गायलं. चार आवाज एकमेकांत बसले आणि बाकाची फळी थरथरली. कित्येक महिन्यांनी तिचा श्वास पोटापर्यंत गेला. तिला रडू आलं. या वेळचं रडू चांगलं होतं.

मग तिला वेडच लागलं. बसमध्ये आकडे, भांडी घासताना आकडे. गोदामात सासूबाईंनी सांगितलेले आकडेही ती पुटपुटण्याऐवजी सुरात म्हणू लागली. यंत्राला काय, आकडा बरोबर असल्याशी मतलब. तिचा वेग वाढला. पडद्यावरचं नाव वर सरकलं.

"सासूबाईंना भजनाला लावलंस की तू!" लोपेती म्हणाला.

एके दिवशी तिला कोल्ड स्टोरेजच्या कामावर टाकलं. तिथे जाडजूड जाकीट घालायचं, थोडं काम करायचं, बाहेर येऊन अंग ऊब धरेपर्यंत थांबायचं, असा नियम. आत पंख्यांची घरघर आणि पांढरा उजेड. मागच्या भिंतीलगतच्या रांगेत ती वाटाण्याचे खोके उचलत होती. पाच. सहा. सात, सात. आठ. पाच. ती सवयीने गात गेली आणि एका जागी थबकली. चाल लागत होती. पुढचा सूर कुठे जाणार, याचा अंदाज आधीच येत होता, आणि तो तिथेच जात होता. किती तरी वेळात एकदाही एक आला नव्हता. दोन आला नव्हता.

योगायोग, ती स्वतःशी म्हणाली. पण छाती अशी निवांत झाली होती की तिला बाहेर जावंसं वाटेना.

जेवताना तिने लोपेतीला विचारलं, "दादा, मागच्या रांगेत एक-दोन हे आकडे येतच नाहीत का हो?"

"न यायला काय झालं? सकाळपासून एक-दोनच उचलतोय मी. का गं?"

"काही नाही."

त्या संध्याकाळी तालीम सुरू व्हायच्या आधी ती बाकावर बसून तीच चाल गुणगुणत होती. फेलेती फळा पुसत होता. त्याचा हात थांबला.

"हे तुला कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. कामावर... सुचलं असंच."

"परत म्हण."

तिने म्हटलं. दोन ओळी झाल्या. म्हाताऱ्याने त्या फळ्यावर उतरवल्या, मग लाविनियाने न म्हटलेली तिसरी ओळ स्वतःच लिहिली, आणि खडू खाली ठेवून तो मागल्या दाराने बाहेर गेला. त्या दिवशी तालीम झाली नाही.

घरी येताना आत्याने आधी गाडी मोठ्या रस्त्याला लावली. मग म्हणाली, "पिसिलाचं आहे ते. फेलेतीच्या मुलीचं. तू बसतेस ती तिची जागा. बापाच्या गाण्याला खालच्या पट्टीतली चाल तीच बसवत होती. तीन ओळी झाल्या होत्या. चौथी उद्या सांगते म्हणाली."

"मग?"

"खूप वर्षं झाली. तुझं गोदाम आहे ना, तिथे तेव्हा मटणाचा कारखाना होता, ती तिथेच कामाला. डोकं भणाणलं की ती सुट्टीत थंड खोलीत जाऊन बसायची. आत शांत वाटतं म्हणायची. एक दिवस सुट्टी संपली आणि ती जिवंत बाहेर आली नाही." आत्याने गियर बदलला. "जाकीट दाराबाहेर नीट घडी करून ठेवलेलं होतं."

लाविनियाच्या अंगावर काटा आला. पण खरं सांगायचं तर, दुसऱ्या दिवशी कोल्ड स्टोरेजचं दार उघडताना तिला भीती वाटली नाही. तिला बरं वाटलं. घरी आल्यासारखं. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. परीक्षा, पडदा, थरथर, सगळं त्या पांढऱ्या उजेडात विरघळून गेलं. मग बाई थांबली.

बराच वेळ कानात काहीच नव्हतं.

"तयार?" बाईने विचारलं.

हा प्रश्न सकाळी एकदाच यायचा. मध्येच कधी येत नसे.

लाविनियाने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि कोणीतरी तिच्या दंडाला हिसडा दिला.

लोपेती होता. तो ओरडत होता. आपण खाली फरशीवर बसलो आहोत, हे तिला तेव्हा कळलं.

"जाकीट कुठे आहे तुझं? कुठे आहे जाकीट?"

ते दाराबाहेर होतं. नीट घडी करून ठेवलेलं.

आत्याने त्या दिवशी तिला दोन घोंगड्यांत गुंडाळलं, गरम कोको पाजला आणि समोर बसली. फेलेती येऊन दाराशी उभा राहिला होता. "चौथी ओळ आली का, एवढंच विचारायचं होतं," तो केविलवाण्या आवाजात म्हणाला. आत्याने त्याला हात धरून जिन्यापर्यंत पोहोचवलं आणि दार लावून घेतलं.

"आत्या, तिथे मला खरंच बरं वाटतं गं," लाविनिया म्हणाली. "कशाचीच भीती वाटत नाही. मी उद्या परत जाणार."

आत्याने तिच्याकडे नीट पाहिलं. मग मांडीवर थाप मारून हात पुढे केला, चपला मागताना करायची तसाच.

"ते मला दे."

"काय?"

"ते गाणं. आणि त्यातलं ते बरं वाटणंबिटणं, सगळं. आजपासून माझं. तू म्हणायचं नाहीस, ऐकायचं नाहीस."

"आत्या, असं कुठे..."

"मी बापाची बहीण आहे तुझ्या. मागितलं की द्यायचं." ती हसली. "कुरकुर कर की! कर, बघू तरी!"

लाविनियालाही हसू फुटलं. आत्या म्हणजे आत्याच. "घे बाई," ती म्हणाली, आणि खरोखरच अंगावरून ओझं उतरल्यासारखं तिला गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवसापासून सासूबाई पूर्वीसारख्या झाल्या. एक, दोन, अकरा, बारा. कसलीच चाल नाही. लाविनियाने ती जुनी चाल आठवून पाहिली, तर पहिला सूरही सापडेना. पण श्वास मात्र पोटापर्यंत जात होता. प्रार्थना-सप्ताहात फेलेतीचं ते गाणं झालं, तेवढा वेळ आत्याने लाविनियाला बाहेर उभं केलं. तीन ओळी चार आवाजांत, चौथी तीनच आवाजांत, कारण खालच्या पट्टीची चौथी ओळ कोणाकडेच नव्हती. फेलेतीने डोळे पुसले, लोकांनी वाहवा केली. कामाचा शेवटचा दिवस संपवून लाविनिया भर उन्हात घरी आली. उद्यापासून पुस्तकं काढायची, आणि त्या विचाराने हात थरथरत नव्हते. हे आत्याला कधी सांगते असं तिला झालं होतं.

स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. गॅरेजमधून गाण्याचा आवाज येत होता. खालच्या पट्टीत, सावकाश. ओळखीची वाटली तरी ती ओळ, बहुधा चौथी, लाविनियाने कधी ऐकली नव्हती.

गॅरेजमधल्या मोठ्या फ्रीझरचं झाकण वर होतं. मटणाच्या आणि अळूच्या पानांच्या पिशव्या बाहेर फरशीवर रचलेल्या, त्यांच्याखाली पाण्याचं थारोळं. आत्या स्टुलावर बसली होती, दोन्ही हात कोपरापर्यंत आत. ओठ निळसर पडलेले. चेहरा मात्र असा शांत, की लाविनियाने तो तसा उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

शेजारच्या खुर्चीवर तिचं स्वेटर होतं. नीट घडी केलेलं.

"आत्या?"

आत्याने वळून पाहिलं नाही. गाणं थांबवून मान जराशी कलती केली, कानात कोणी काही विचारत असावं तशी.

"तयार," ती म्हणाली.