भलत्याच मनगटावरचा पट्टा

दार एका उंच माणसाने उघडलं. बोटं तांबूस, शर्टावर डाग. त्याला मी कधी पाहिलं नव्हतं, पण अंगाला येणारा पॉलिशचा वास मात्र... त्या वासासाठीच तर मी धावत आले होते.

गरोदर बायका ज्या हवेत श्वास घेतात तिच्यात कोणती रसायनं असतात आणि पुढे मुलांच्या तब्येतीवर त्यांचा काही परिणाम होतो का, हे आम्ही शोधतो. त्यासाठी बायकांच्या मनगटावर आठवडाभर सिलिकॉनचा पट्टा बांधतो. हवेतलं बरंच काही तो शोषून घेतो. या घरच्या ताईंचा पट्टा तपासून आमचे प्रयोगशाळेतले सर म्हणाले, "ही बाई राहते कुठे, पॉलिशच्या डब्यात?" मी जेवणाचा डबा तसाच ठेवून निघाले.

"ताई आहेत? पट्ट्याबद्दल बोलायचं होतं."

त्याचे कान लाल झाले. "त्याबद्दल... मीच बोलतो."

आतून ताईंचा आवाज आला, "दादा, सांगून टाक एकदाचं."

"हिचा हात सुजला, पट्टा रुतायला लागला," तो म्हणाला. "हिनं काढून ठेवला. नुसता पडून राहिला तर तुमची मेहनत वाया जाईल, म्हणून मग... मी घातला."

"आठवडाभर?"

"आंघोळीलासुद्धा काढला नाही. काढायचा नाही असं तुम्हीच हिला बजावलं होतंत ना."

रागवायला हवं होतं, पण मला हसूच फुटलं. म्हणजे मी ज्याच्या श्वासाची इतकी काळजी करत होते, तो हा बाप्या होता. तो मात्र हसला नाही.

"मॅडम, माझं फर्निचर पॉलिशचं काम खाली चालतं. हिची खोली बरोबर वर. बाळाला काही होईल का?"

'काही होत नाही हो' असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण ते डोळे इतके सरळ बघत होते...

"माहीत नाही," मी म्हणाले. "हवेत काय आहे ते पट्टा सांगतो, बाळाचं पुढे काय होईल ते नाही. त्यासाठी मुलं मोठी होईपर्यंत बघत राहावं लागतं."

"म्हणजे तुम्ही अजून बरीच वर्षं येणार?"

"ताईंकडे."

"हो, हो... ताईकडेच."

ताई उशीत तोंड खुपसून हसत होत्या. मी त्यांना सैलसा नवा पट्टा देणार, तेवढ्यात तो म्हणाला, "जरा थांबून दिलात तर? चार दिवसांनी या."

चार दिवसांनी गेले, तर खालची खोली रिकामी. झाडून-पुसून लख्ख, खिडक्या उघड्या.

"दादानं वस्तीबाहेर शेड घेतली," ताई म्हणाल्या. "लांब पडतं म्हणून गिऱ्हाइकं कुरकुरतायत. ऐकेल तर शपथ."

या वेळचा पट्टा ताईंनी स्वतःच घातला. अहवाल आला तेव्हा त्यात पॉलिश जवळजवळ नव्हतंच. मी फोन केला. ताई आधी रडल्या, मग म्हणाल्या, "दादाला तुम्हीच सांगा ना. तो कामात फोन उचलत नाही." कुठेतरी पाणी मुरत होतं. तरी मी गेले.

शेडमध्ये तो एका खुर्चीला पॉलिशचा हात मारत होता. "अहवाल चांगला आलाय," मी म्हणाले. तो उपड्या डब्यावर बसला.

"आधी किती जात होतं वर, हिच्या खोलीत?"

"ते आता कळायचं नाही. तेव्हाचा पट्टा..."

"माझ्या हातात होता." त्याने मान खाली घातली.

"पण पुरावा यायच्या आधीच तुम्ही काम हलवलंत," मी म्हणाले. "असं कुणी करत नाही."

"सगळे म्हणत होते, काही होत नाही. तुम्ही एकट्याच म्हणालात, माहीत नाही. मला तुमचंच पटलं."

मला गलबलून आलं. ते लपवायला मी आवाज चढवला. "आणि तोंडाला मास्क कुठाय? तुमचा अहवाल वाचलाय मी."

"माझी काळजी संशोधनात बसते?"

"नाही. तुम्ही गरोदर नाही."

"मग?"

"मग... ती माझी मी करते. आज माझी सुट्टी आहे. तुम्ही आवडता मला, म्हणून आले."

तो गडबडून उठला, समोरची खुर्ची माझ्याकडे ओढली आणि लगेच म्हणाला, "नको, बसू नका. ओली आहे अजून."

"वाळायला किती वेळ लागेल?"

"संध्याकाळ होईल."

"थांबते," मी म्हणाले, आणि त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले.