बिजलीच्या दोन तबकड्या

लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधोमध अडकली, तेव्हा आत एकटी धाकटी होती आणि तिच्या छातीशी बिजलीच्या नव्या तबकड्यांचं पाकीट.

त्या काळी तबकडी म्हणजे ताटाएवढी, काळीभोर, उन्हात विसरली तर वाकडी होणारी. आणि बिजली म्हणजे ती गिटार घेऊन गाणारी, जिच्यासारखे केस कापून आल्याबद्दल धाकटीनं आईचा दोन दिवस अबोला सोसला होता. तीन वर्षं बिजली कुठेच गायली नव्हती. कुणी म्हणे लग्न केलं, कुणी म्हणे आवाज गेला. मग एका मंगळवारी, ना जाहिरात ना गाजावाजा, गाण्यांच्या दुकानात जाड पांढरी पाकिटं येऊन पडली. एकेका पाकिटात एक सोडून दोन तबकड्या. वर नाव नाही, गाण्यांची यादी नाही, मधला गोल कागदही कोरा. दुपारपर्यंत एकही पाकीट उरलं नाही.

लिफ्टच्या वरच्या फटीतून आधी पाना दिसला, मग ग्रीस लागलेला हात, मग लिफ्टवाल्याचा चेहरा. घाबरू नका वगैरे तो काही म्हणाला नाही. पाकिटाकडे बघून त्यानं विचारलं,

"रडलात का?"

"रडायचं काय त्यात? मी तर वहिनीला धरून नाचले."

लिफ्टवाला थबकला. "नाचलात... त्या गाण्यांवर?"

"मग काय तोंड पाडून बसू? आणि आधी मला बाहेर काढता का?"

त्यानं आधी तबकड्या वर घेतल्या, स्वच्छ रुमाल पसरून त्यावर ठेवल्या, आणि मग तिला हात दिला. धाकटीला राग यायला हवा होता. आला नाही. तबकडीला ग्रीस लावत नाही तो माणूस वाईट नसावा, असं तिच्या मनात आलं.

ती तिसऱ्या मजल्यावर चष्म्याच्या दुकानात कामाला होती. भिंगं घासायची, चौकटीत बसवायची, गिऱ्हाइकाला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची. त्या आठवड्यात अक्षरं वाचता वाचता गिऱ्हाइकंही बिजलीवर बोलत. अख्खं गाव दोन तटांत वाटलं गेलं होतं. एक तट म्हणे, बाई सुखात आहे, इतकं हसरं ती कधी गायलीच नव्हती. दुसरा म्हणे, तुमची डोकी ठिकाणावर आहेत का, तिनं आपला निरोप घेतलाय! समोरच्या केशकर्तनवाल्यानं तर भांडता भांडता एका गिऱ्हाइकाचा एकच कल्ला कापला.

यातली खरी गंमत वेगळी होती. ज्याच्या त्याच्या पाकिटातल्या दोन्ही तबकड्यांवर तीच ती गाणी होती. शहाण्या माणसानं दुकानात जाऊन विचारलं असतं. पण भक्ताला शंका येत नाही, अर्थ लागतो. तिनं मुद्दामच तेच दोनदा दिलं, म्हणजे पुन्हा ऐका, असं लोक एकमेकांना समजावत. दुसऱ्या तबकडीत तिचा आवाज जरा जवळून येतो, असं धाकटी छातीठोकपणे सांगे. लिफ्टवाला म्हणे, दुसरीत ती प्रत्येक ओळीआधी श्वास घेते... खोल.

हे सांगायला तो दर तिसऱ्या दिवशी येई. लिफ्ट तपासायची आहे म्हणे. तपासून झाली की चष्म्याच्या दुकानात डोकावे. मालक जेवायला गेले की चहा मागवून दोघांचं भांडण रंगे. एकदा त्यानं डोळे तपासून मागितले. अगदी खालची बारीक ओळही घडाघडा वाचली.

"डोळे ठणठणीत आहेत तुमचे," ती म्हणाली. "कान तपासून घ्या."

तो हसला. हसताना तो खाली बघे. हे तिच्या लक्षात आलं होतं, आणि आपल्या ते लक्षात आलंय हेही.

भानगड उघडकीला आणली ती शाळेतल्या एका बाईंनी. नवा चष्मा न्यायला आल्या होत्या. दोघांची जुंपलेली ऐकून म्हणाल्या, अहो, दोघांचंही बरोबर आहे, एक तबकडी हसवते, दुसरी रडवते. सगळ्यांशी गोड राहणारी बाई, असं त्यांना आठवडाभर लोक म्हणत होतेच. पण मग त्यांनी एक चाल गुणगुणली, ती धाकटीच्या ओळखीची. दुसरी गुणगुणली, ती तिनं जन्मात ऐकली नव्हती. लिफ्टवाल्याला मात्र ती तोंडपाठ होती, आणि पहिली अगदी नवी.

गाण्यांच्या दुकानदाराला लोकांनी धरलं, तेव्हा कळलं. तबकड्या दोन खोक्यांत आल्या होत्या, पाकिटं तिसऱ्यात. दुकानदार एका खोक्यापाशी बसला, त्याचा मेहुणा दुसऱ्यापाशी, आणि दोघांनी आपापल्या खोक्यातून दोन-दोन भरल्या. दोन्हीकडे शेवटी एकेक उरली, ती जोडी बाईंच्या वाट्याला गेली. आता आपसात बदलून घ्या, असं सांगून दुकानदार मोकळा झाला.

दुकानाच्या पायरीवर रोज बदलाबदली चाले. लिफ्टवाला म्हणाला, आपण आपल्यात बदलू. धाकटी म्हणाली, आज आणलेली नाही. दुसऱ्या खेपेला म्हणाली, वहिनीच्या मैत्रिणीनं नेलीय. तिसऱ्या खेपेला तिला काही सुचेना, म्हणून ती गिऱ्हाइकात गुंतल्यासारखी राहिली. घरी तबकडी पिशवीत घालायची आणि दाराशी जाऊन परत काढून ठेवायची. वहिनी ते बघे आणि रिकामी पिशवी तिच्या हातात देई.

शनिवारी तो आला तो वर्तमानपत्रात तबकडी गुंडाळूनच. सोमवारपासून त्याला गावाच्या दुसऱ्या टोकाला काम दिलं होतं.

"आज तरी आणलीत?"

"नाही."

"का?"

धाकटी एकच भिंग पुसत राहिली. "बदलली की तुमचं इथलं काम संपेल."

त्यानं गुंडाळलेली तबकडी काउंटरवर ठेवली. मग म्हणाला, "काम पहिल्याच दिवशी संपलं होतं. लिफ्ट वर्षातून दोनदा तपासतात."

तिनं वर पाहिलं. तो खाली बघत होता, पण हसत नव्हता.

"बदलायलाच कशाला हव्यात?" तो म्हणाला. "तुमच्या दोन, माझ्या दोन... एका घरात राहिल्या तर—"

धाकटीनं भिंग जपून खाली ठेवलं. "मी बिजलीचं अर्धंच ऐकलंय," ती म्हणाली. "अर्ध्यावर उत्तर देणार नाही. उद्या घरी या. ती घेऊन."

रविवारी तो आला. दादानं त्याला लिफ्टच्या दोराला किती माणसांचं वजन पेलतं ते विचारलं आणि उत्तर ऐकून खूश झाला. आईनं त्याचे हात पाहिले. स्वच्छ होते, नखांच्या कडा सोडून. वहिनीनं तबकडी लावली.

कुणी नाचलं नाही. तिसऱ्या गाण्यात बिजली दोन ताटं मांडते आणि एक परत फळीवर ठेवते. दादा खिडकीशी जाऊन उभा राहिला. धाकटी गाण्याकडे कमी आणि लिफ्टवाल्याकडे जास्त बघत होती. प्रत्येक ओळीआधी, बिजलीच्याही आधी, तो श्वास घेत होता.

तबकडी संपली. चहाचं निमित्त करून वहिनीनं आईला आत नेलं, आणि दादालाही हाक मारली.

"हे इतके दिवस एकटेच ऐकत होतात?" धाकटीनं विचारलं.

"खोलीवर दुसरं कोण आहे?" तो म्हणाला. "मला वाटलं, तिचं म्हणणं तेवढंच आहे."

"यापुढे एकट्यानं ऐकायचं नाही."

"हे... हो समजू?"

"समजायचं काय त्यात? मी सांगतेय."

आतून वहिनीनं विचारलं, पाहुण्यांना साखर किती घालू?

लिफ्टवाल्यानं तोंड उघडायच्या आत धाकटी म्हणाली, "दोन चमचे. आणि दूध कमी."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज एकदम थांबला.